अभियांत्रिकी शिक्षणातील भौतिकशास्त्र व गणिताचे एकात्मिक अध्यापन

भौतिकशास्त्र व गणिताचे एकात्मिक अध्यापन ही अभियांत्रिकी पदवीच्या प्रथम वर्षात वापरली जाणारी अध्यापनपद्धती आहे. तीत गणितातील संकल्पना आणि त्या ज्या भौतिक घटनेसाठी लागतात ती घटना एकाच वेळी, एकमेकींच्या संदर्भात शिकवली जाते. दोन्ही विषयांची केवळ बेरीज करणे हा तिचा हेतू नसून त्यांच्या घटकांचा क्रम, चिन्हे व उदाहरणे जुळवणे हा आहे.

== पार्श्वभूमी ==
महाराष्ट्रातील प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र व गणिताचे प्रश्न स्वतंत्र असतात. महाविद्यालयातही हे विषय वेगवेगळे विभाग शिकवतात. अनेक विद्यापीठांत प्रथम वर्षाचे दोन गट केले जातात. एक गट पहिल्या सत्रात भौतिकशास्त्र व दुसऱ्या सत्रात रसायनशास्त्र शिकतो, तर दुसरा गट याच्या उलट क्रमाने. गणिताचा क्रम मात्र दोन्ही गटांना सारखाच असतो. त्यामुळे एका गटाला अवकल समीकरणे किंवा सदिश कलन शिकण्यापूर्वीच तरंग वा विद्युतचुंबकीय क्षेत्राची समीकरणे हाताळावी लागतात. अशा वेळी समीकरणाची सिद्धता समजण्याऐवजी ती पाठ करण्याकडे कल वाढतो.

== वऱ्हाडातील संदर्भ ==
अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुका १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या (आताचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) कार्यक्षेत्रात येतो. या विभागात अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६४) तसेच शेगाव व अकोल्याजवळील बाभूळगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीत इंग्रजी माध्यमाच्या विज्ञान शाखेत जातात. विषयांतील तुटकपणाबरोबर परिभाषेतील हा बदलही त्यांच्यापुढे असतो. ‘समाकलन’ आणि ‘इंटिग्रेशन’ ही एकाच क्रियेची नावे आहेत, हेही त्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते.

== उदाहरण ==
बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथे काटेपूर्णा धरण आहे. अकोला शहराला येथून पाणीपुरवठा होतो. अशा जलाशयावरून पुढील घटक शिकवता येतात.

* समाकलन : पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो. म्हणून भिंतीवरील एकूण बल काढण्यासाठी दाबाचे खोलीनुसार समाकलन करावे लागते. उभी भिंत व १० मीटर खोल पाणी कल्पिल्यास भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ४९० किलोन्यूटन बल येते. खोली दुप्पट झाली तर बल चौपट आणि भिंत उलथवू पाहणारे पायथ्याभोवतीचे परिबल आठपट होते.
* अवकल समीकरण : टाकीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पातळी उतरते तसा वेगही घटतो. सर्व उंचीवर सारखाच छेद असलेली टाकी पूर्ण रिकामी होण्यास, सुरुवातीचा वेग कायम राहिला असता लागला असता त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

== इतरत्र झालेले प्रयोग ==
अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात १९९०च्या दशकात गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी व रसायनशास्त्र यांचा एकत्रित प्रथम वर्ष अभ्यासक्रम राबवण्यात आला. ओहायोतील राइट स्टेट विद्यापीठाने २००४ मध्ये वेगळा मार्ग घेतला. तेथे अभियांत्रिकीचे प्राध्यापक पहिल्याच वर्षी पुढील विषयांत प्रत्यक्ष लागणारे गणित प्रयोग व उदाहरणांद्वारे शिकवतात. कलनाचा सविस्तर अभ्यास नंतरही करता येतो.

== मर्यादा ==
अशा अध्यापनासाठी दोन विभागांचे समान वेळापत्रक, एकत्रित प्रश्नपत्रिका व सामायिक चिन्हे आवश्यक असतात. संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठ ठरवत असल्याने घटकांचा क्रम बदलण्यास त्यांना फारसा वाव नसतो. स्वायत्त महाविद्यालयांना तो अधिक असतो. सर्व गणित केवळ उपयोजनासाठीच शिकवल्यास सिद्धता व अमूर्त विचार मागे पडण्याचा आक्षेपही घेतला जातो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०२१-२२च्या पुस्तिकेत प्रवेशासाठी १४ विषयांपैकी कोणतेही तीन ग्राह्य धरण्याची तरतूद आल्यावर वाद झाला होता. बारावीत गणित किंवा भौतिकशास्त्र न शिकलेले विद्यार्थी आल्यास हे दोन विषय जोडून शिकवण्याची जबाबदारी प्रथम वर्षावरच अधिक येते.