पन्हळीचं कूळ

जुना कंटेनर घेऊन त्याचं घर किंवा ऑफिस करायला निघालेल्या माणसापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो: याला बाहेरून काय लावायचं? लाकडी फळ्या, सिमेंट-फायबरचे बोर्ड, थर्मोकोलवर गिलावा, पफ पॅनेल, की नुसता रंग मारून सोडून द्यायचं? फॅब्रिकेटर एक सांगतो, आर्किटेक्ट दुसरंच सांगतो, आणि शेजारी म्हणतो, अहो, पोलादाच्या भिंतीला आणखी भिंत कशाला? शेजाऱ्याची शंका रास्त आहे. तिचं उत्तर कंटेनरच्या भिंतीवरच्या उभ्या पन्हळींच्या कुळात सापडतं. ते कूळ कंटेनरपेक्षा सव्वाशे वर्षांनी जुनं, आणि तेही मूळचं गोदीतलंच.

लंडनच्या पूर्वेला वॉपिंग भागात लंडन डॉक्स नावाची गोदी होती. हेन्री रॉबिन्सन पामर हा तिथला इंजिनिअर. थॉमस टेलफर्डच्या हाताखाली तयार झालेला, इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स स्थापणाऱ्यांपैकी एक, आणि एकाच रुळावरून धावणाऱ्या गाडीचं पेटंट १८२१ मध्ये घेतलेला. गोदीला छप्परं हवी होती: भरपूर, झटपट, आणि आगीला दाद न देणारी. पामरने २८ एप्रिल १८२९ रोजी पन्हळी पाडलेल्या धातूच्या पत्र्याचं पेटंट घेतलं आणि लवकरच टर्पेंटाईनच्या साठ्यावर तसल्या पत्र्याचं कमानदार छप्पर चढवलं. खाली कैच्या नाहीत, वासे नाहीत. पत्र्याची कमान स्वतःचा भार स्वतःच पेलत होती. टर्पेंटाईनसारख्या भडकणाऱ्या मालावर लाकडाऐवजी लोखंड आलं, हा फायदा वेगळाच.

युक्ती वरकरणी अगदी साधी. सपाट पत्रा हातात धरला की लोंबकळतो. त्यालाच घड्या पाडल्या की धातूचा काही भाग वर जातो, काही खाली येतो, आणि वाकताना तो सहज वाकत नाही. आजच्या साध्या पन्हळी पत्र्यात दोन उंचवट्यांमधलं अंतर साधारण ७५ मिलिमीटर आणि पन्हळीची खोली १८ मिलिमीटर असते. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा धरून हिशोब मांडला, तर पन्हळीच्या लांबीच्या दिशेने त्याचा ताठपणा सपाट पत्र्याच्या सुमारे दोन हजारपट भरतो. धातू मात्र दहा-बारा टक्केच जास्त लागतो. आडव्या दिशेने तो पूर्वीइतकाच लवचिक राहतो, म्हणून तर त्याची कमान करता येते. इथेच या कुळाचा गुण आणि दोष एकत्र जन्मले. पन्हळी पत्र्याची ताकद आकारात आहे, जाडीत नाही. आणि ऊन, थंडी, आवाज यांना अडवायला जाडीच लागते.

पामरने पेटंटचे हक्क रिचर्ड वॉकरला विकले. छप्परांच्या जोडीने परदेशी पाठवण्याजोग्या सुट्या इमारतींचीही वॉकर जाहिरात करू लागला. १८४३ मध्ये पेटंटची मुदत संपली तसे इतरही कारखानदार या धंद्यात उतरले. एक अडचण मात्र होती: लोखंड गंजतं. रंग आणि डांबर किती दिवस पुरणार? १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आधी आम्लात धुऊन लोखंड लख्ख करायचं, मग सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या जस्तात बुडवायचं. जस्ताचा थर हवा-पाण्याला अडवतोच, शिवाय एखादा ओरखडा लोखंडापर्यंत गेला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. पन्हळ आणि जस्त एकत्र आल्यावर आज आपण ज्याला नुसतं ‘पत्रा’ म्हणतो तो तयार झाला.

मग तो जगभर फिरला. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १८५१ पासून ऑस्ट्रेलियात सोन्यासाठी झुंबड उडाली. माणसं आली, घरं नव्हती, सुतारांची मजुरी आभाळाला भिडलेली. मँचेस्टर, ब्रिस्टल, लंडनच्या कारखान्यांतून सुट्या भागांची लोखंडी घरं जहाजात भरून निघाली. मँचेस्टरच्या बेलहाउसने १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बालमोरल इस्टेटीवर असल्याच पत्र्याचं नाचघर उभारलं. म्हणजे गोदीतला पत्रा बावीस वर्षांत राजघराण्यात पोचला. साउथ मेलबर्नमध्ये त्या काळातली काही घरं आजही जपून ठेवली आहेत. बाहेरून पन्हळी लोखंड, आत लाकडी फळ्या आणि कागद. हा आतला थर निव्वळ शोभेचा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात उघड्या पत्र्याच्या खोलीत काय होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आइसलंडमध्ये मात्र गणित उलटं होतं. तिथे इमारती लाकूड जवळपास नाहीच आणि पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनला मेंढ्या विकणाऱ्या व्यापारातून तिथे पन्हळी पत्रा येऊ लागला. लोकांनी तो छपरावर घातला, आणि लाकडी घरांच्या भिंतींवरही चढवला. आत लाकडाची ऊब, बाहेर पत्र्याचा रेनकोट. रेकयाविकच्या जुन्या वस्तीतली लाल, निळी, पिवळी घरं तीच. आयुष्यभर दुसऱ्याची कातडी अंगावर वागवणारा पत्रा इथे स्वतःच दुसऱ्याची कातडी झाला, आणि हे काम त्याला इतर कुठल्याही कामापेक्षा जास्त मानवलं.

महायुद्धांत हीच गोष्ट घाईघाईने पुन्हा घडली. १९१६ मध्ये ब्रिटिश लष्करातल्या पीटर नॉर्मन निस्सेनने अर्धगोल पत्र्याची झोपडी काढली. आत लाकडी अस्तर, दोन्हींच्या मध्ये हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनच्या परसांमध्ये अँडरसन शेल्टर पुरले गेले: वाकवलेल्या पन्हळी पत्र्यांचा छोटा आसरा, आणि त्याच्यावर सुमारे ४० सेंटीमीटर माती. पत्रा आकार धरून ठेवायचा, बॉम्बच्या कपच्या माती अडवायची. ही कामाची वाटणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण कंटेनरच्या घरात नेमकी हीच करावी लागते.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीनचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं. ते डबे अ‍ॅल्युमिनियमचे होते. एकावर एक रचता यावेत आणि जहाजावर घट्ट बसावेत म्हणून कीथ टँटलिंगरने कोपऱ्यांची रचना आणि कुलूप बसवलं. पुढे मापं जगभर एक झाली, पोलाद आलं, आणि पोलादाबरोबर पन्हळही परतली, या वेळी उभी आणि चौकोनी घाटाची. आजच्या कंटेनरच्या बाजूच्या भिंतीचा पत्रा साधारण १.६ ते २ मिलिमीटर जाड आणि पन्हळ सुमारे ३६ मिलिमीटर खोल असते. वरच्या कंटेनरांचा भार चार कोपऱ्यांतले खांब घेतात. भिंतीची पन्हळ डबा तिरका होऊ देत नाही आणि समुद्रात माल भिंतीवर आदळला तर त्याला रेटून धरते. म्हणून खिडकीसाठी भिंत कापली की चौकटीला लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड करावाच लागतो. तिथे फक्त भोक पडलेलं नसतं, कंटेनरचा एक स्नायूच कापला गेलेला असतो.

याच कंटेनरने जुन्या गोद्या संपवल्या. अरुंद धक्के आणि बुटक्या गोदामांची लंडन डॉक्स १९६९ मध्ये बंद झाली. व्यापार थेम्सच्या मुखाकडे टिलबरीला सरकला. अमेरिकेत फिलिप क्लार्कने १९८७ मध्ये कंटेनरचं राहतं घर करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८९ मध्ये ते त्याला मिळालं. आणि २००१ मध्ये लंडनलाच, पामरच्या शेडपासून नदीकाठाने काही किलोमीटर पूर्वेला, ट्रिनिटी बॉय व्हार्फवर वापरलेल्या कंटेनरांची ‘कंटेनर सिटी’ उभी राहिली. आधी तीन मजले, मग चौथा. बाहेरची पन्हळ उघडीच ठेवली, रंग दिला, उष्णतारोधक थर आतून घातला.

इथून पुढे काय लावायचं हा प्रश्न सुरू होतो. आतून थर घालणं सोपं, पण कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. दोन्ही भिंतींना सात-सात सेंटीमीटर दिले की २.२१ उरते. शिवाय भिंतीचं पोलाद बाहेरच्या हवेइतकं तापतं किंवा गार पडतं, आणि थराच्या फटीतून खोलीतली दमट हवा गार पत्र्यापर्यंत पोचली की पाणी सुटतं. मालवाहतुकीत या ठिबकण्याला ‘कंटेनर रेन’ म्हणतात. कॉफी-कोकोच्या पोत्यांसोबत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात त्या त्यासाठीच. थर बाहेरून दिला तर पोलाद खोलीच्या तापमानाला राहतं आणि आतली जागाही जात नाही. मात्र मग त्या थराला ऊन-पावसापासून वाचवणारं एक बाहेरचं आवरण लागतंच.

नीट केलेलं काम जवळून पाहिलं तर त्यात तीन पदर दिसतात. पहिला कंटेनरच्या पन्हळीवर बसवलेला उष्णतारोधक थर. दुसरा त्याच्यावर उभ्या पट्ट्या ठोकून सोडलेली दोन-तीन सेंटीमीटरची पोकळी. तिसरी बाहेरची कातडी: लाकूड, फायबर-सिमेंट, पत्रा, काहीही. पोकळी खाली आणि वर उघडी, तोंडाला किड्यांसाठी जाळी. तापलेली हवा धुराड्यातल्यासारखी वर निघून जाते, फटीतून आत आलेलं पाणी खाली उतरतं. थर लावायचाच नसेल आणि नुसती सावली हवी असेल, तर आडव्या फळ्या पन्हळीच्या उंचवट्यांवर बसवल्या की मधल्या खोलगट पन्हळी आपोआप पोकळीचं काम करतात. बहुतेक जण चुकतात ते खाली. कंटेनरच्या खालच्या कडेला पन्हळ जिथे आडव्या तुळईला भिडते तिथे छोटे खळगे होतात; कातडी खालपर्यंत बंद केली की त्यात माती आणि पाणी साचतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुसरी गोष्ट स्क्रूची. भिंतीतून आरपार गेलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे गळतीची एक जागा. म्हणून जाणता फॅब्रिकेटर वरच्या आणि खालच्या तुळईला अँगलचे तुकडे वेल्ड करून त्यांवर चौकट टांगतो, भिंतीला हात लावत नाही, आणि वेल्डिंगने जळलेल्या जागी जस्ताचा प्रायमर मारतो.

कोर्टेनची एक वेगळी फॅशन आहे. १९३३ मध्ये अमेरिकेत पेटंट झालेलं हे पोलाद गंजाचाच एक घट्ट थर अंगावर धरतं. मोलिन इथल्या जॉन डिअर कंपनीच्या कचेरीसाठी ईरो सारिननने ते मुद्दाम उघडं ठेवलं. १९६४ साली ती इमारत पूर्ण झाली आणि गंजक्या रंगाला प्रतिष्ठा मिळाली. कंटेनरही याच जातीच्या पोलादाचे असतात, म्हणून काही जण रंग खरवडून तसेच ठेवतात. पण तो थर घट्ट बसायला ओलं-कोरडं असं चक्र लागतं. सतत दमट आणि खारट हवेत तो बसत नाही, पोलाद खात राहतो. समुद्रावर जाणाऱ्या कंटेनरला रंग देतात तो याच कारणाने, आणि किनाऱ्यावरच्या घरालाही तेच लागू.

आपल्याकडे न्हावा-शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आणि उरण-पनवेल पट्ट्यातल्या यार्डांतून जुने कंटेनर साइट ऑफिस, वॉचमनची खोली, फार्महाउस म्हणून घाटावर पोचू लागले. आपला शत्रू थंडी नाही. एप्रिल-मेचं ऊन आणि चार महिन्यांचा पाऊस. त्यावरचा उपाय जुन्या लोकांना ठाऊक होता. कोकणात मातीच्या भिंतींना पावसाळ्यापुरती झावळ्यांची झापं बांधत: भिंतीला न चिकटलेली, पाऊस स्वतःच्या अंगावर घेणारी. कंटेनरलाही पहिल्यांदा तेवढंच हवं. आधी छपरावर फूट-दीड फूट अंतराने दुसरं पत्र्याचं छप्पर, चारही बाजूंना पुढे काढलेलं. मग पश्चिमेची भिंत. पत्रा ठोकणाऱ्याचा जुना नियम इथेही पाळायचा: भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात नाही, आणि खाली वायसर घालायचा. रंगीत पन्हळी पत्र्याचीच कातडी केली तर ती सर्वांत स्वस्त पडते. फळ्यांना दर एक-दोन वर्षांनी तेल पाजावं लागतं. फायबर-सिमेंटचे बोर्ड टिकतात, पण कडा उघड्या राहिल्या तर पाणी पितात.

म्हणून शेजाऱ्याच्या शंकेचं उत्तर असं: कंटेनरची भिंत भार पेलायला पुरून उरते, राहायला पुरत नाही. मेलबर्नच्या फळ्या-कागदाने, अँडरसनच्या मातीने, निस्सेनच्या अस्तराने हेच सांगितलं. तरीही यार्डात भाव विचारला जातो तो नुसत्या डब्याचा. डब्याच्या किमतीतच जो बाहेरच्या कातडीची किंमत धरतो, तो मे महिन्यात त्यात राहतो. जो धरत नाही, त्याच्याकडे मे महिन्यात एक उत्तम गोदाम असतं.