नाममहिमा : राहुल

भारतात सर्व प्रांतांत आढळणाऱ्या पुरुषनामांपैकी 'राहुल' हे एक होय. अनेक नामसंग्रहांत त्याचा अर्थ 'कार्यक्षम' असा दिलेला असतो. बौद्ध परंपरेतील अर्थ मात्र अगदी निराळा आहे.

राहुल हे गौतम बुद्ध व यशोधरा यांच्या पुत्राचे नाव. जातकांच्या पाली अट्ठकथेनुसार, पुत्रजन्माची वार्ता कानी पडताच सिद्धार्थाने 'राहू जन्मला, बंधन निर्माण झाले' अशा आशयाचे उद्गार काढले. ते ऐकून शुद्धोदनाने नातवाचे नाव राहुल ठेवले. संसारत्यागास निघालेल्या पित्याला पुत्र हा पाश वाटला, असा याचा अर्थ. मूलसर्वास्तिवादी परंपरा मात्र नावाचा संबंध ग्रहणाशी जोडते. तिच्या मते बुद्धाला बोधी प्राप्त झाली त्याच रात्री राहुलचा जन्म झाला व त्या वेळी चंद्रग्रहण होते. दोन्ही कथांच्या मुळाशी ग्रासणारा 'राहू'च आहे.

पुढे हेच 'बंधन' पित्याच्या मार्गाने गेले. आईच्या सांगण्यावरून वारसा मागण्यास आलेल्या बालराहुलला बुद्धाने सारिपुत्राकरवी प्रव्रज्या दिली. शुद्धोदन व्यथित झाला. त्याच्या विनंतीवरून, मातापित्यांच्या संमतीविना मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम संघात झाला. शिकण्याची ओढ असलेल्या शिष्यांत राहुल अग्रगण्य मानला गेला. असत्य भाषणाविषयी त्याला केलेला उपदेश मज्झिमनिकायात आहे. सम्राट अशोकाने भाब्रू शिलालेखात 'लाघुलोवाद' या नावाने त्याचा उल्लेख करून भिक्षू व उपासकांना तो वारंवार ऐकण्यास सुचविले. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यातील बुद्धासमोर उभ्या असलेल्या माता-पुत्राचे चित्र यशोधरा व राहुल यांचे म्हणून प्रसिद्ध आहे.

आधुनिक काळात केदारनाथ पांडेय यांनी १९३० साली श्रीलंकेत भिक्षुदीक्षा घेताना हे नाव स्वीकारले आणि ते राहुल सांकृत्यायन म्हणून ख्यातकीर्त झाले. महाराष्ट्रात १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर बौद्ध कुटुंबांत सिद्धार्थ, गौतम यांच्यासह राहुल हे नावही आवर्जून ठेवले जाऊ लागले. इतर समाजांतही ते तितकेच रूढ आहे.

'बंधन' हा अर्थ कळल्यावर काही पालक साशंक होतात. परंतु नावाला प्रतिष्ठा लाभते ती केवळ व्युत्पत्तीने नव्हे, तर ते धारण करणाऱ्याच्या चरित्राने. राहुल या नावाची गोडी त्या जिज्ञासू शिष्याने मिळवून दिलेली आहे.