गांजा, वेड आणि पोलिसांचा दाखला

चांदा शहराच्या गोंडकालीन परकोटाच्या आंत जो तुरुंग आहे, त्याचें नांव निघालें म्हणजे बाबूराव शेडमाके यांची आठवण होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांना तेथें फांशी देण्यांत आलें. परंतु कोणताही तुरुंग वर्षानुवर्षें भरतो तो वीरपुरुषांनीं नव्हे. क्षुल्लक चोरी, मारामारी, नशेंतला दंगा, किंवा क्षणभराच्या संतापांत घडलेला खून, अशा अपराधांसाठीं आंत आलेल्या सामान्य माणसांनीं तो भरतो. त्यांपैकीं व्यसनी कोण, मनानें आजारी कोण, आणि दोन्ही व्याधींनीं एकदम ग्रासलेला कोण, हें ओळखण्याचा प्रश्न सरकारपुढें फार जुना आहे.

ज्या वर्षीं बाबूरावांना फांशी झाली, त्याच १८५८ सालीं वेड्यांच्या इस्पितळांसंबंधींचा ३६ वा कायदा झाला. रस्त्यानें भटकणाऱ्या वेड्यास पोलिसांनीं पकडावें, मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें, सरकारी डॉक्टरानें दाखला द्यावा आणि मग त्याची रवानगी व्हावी, अशी ही व्यवस्था. १ जानेवारी १८६२ पासून इंडियन पीनल कोड अंमलांत आलें. त्याच्या ८४ व्या कलमानें वेडाच्या भरांत, आपण काय करीत आहों हें न समजतां केलेलें कृत्य गुन्हा ठरत नाहीं. १८६४ सालीं नागपुरास वेड्यांचें इस्पितळ स्थापन झालें. चांदा जिल्ह्यांत त्या काळीं आजच्या गडचिरोलीचाही समावेश होता. तो स्वतंत्र जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजीं.

या व्यवस्थेंत एक कच्चा दुवा होता. रोग्याबरोबर जो वर्णनाचा तक्ता जात असे, त्यांत वेडाचें कारण लिहावें लागे. हें कारण शोधणार कोण? बहुधा पोलिस. शिपायास दुःख, वारसा, ज्वर, उपासमार यांचा माग काढणें अवघड. पण चिलीम दिसते, तिचा वास येतो. शेजाऱ्यानें ‘हा गांजा ओढतो’ असें म्हटलें कीं रकाना भरला. डॉक्टर तोच शब्द आपल्या पुस्तकांत उतरून घेई, आणि वर्षअखेर त्याच शब्दांची बेरीज होऊन सरकारी अहवालांत छापली जाई. एकदां छापलेल्या आंकड्यास जो मान मिळतो तो मूळच्या शिपायास कधींच मिळाला नसता.

पुढें २ मार्च १८९३ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत विल्यम केन या मद्यपाननिषेधक सभासदानें गांजाच्या दुष्परिणामांबद्दल प्रश्न केला. त्याचें फळ म्हणून जुलै महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें सात सभासदांचें कमिशन नेमलें. अध्यक्ष पंजाबचे मॅकवर्थ यंग. मध्यप्रांतांतून छत्तीसगडचे कमिशनर फ्रेझर. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक वॉर्डन. आणि तीन हिंदी गृहस्थ. मध्यप्रांतास या चौकशीचें महत्त्व विशेष होतें, कारण तेथील गांजाची परवानगीची लागवड निमाडांत खांडव्याकडे होत असे.

कमिशननें ११९३ साक्षी घेतल्या. पण त्याचें खरें मोलाचें काम साक्षींत नसून कागद उलगडण्यांत आहे. १८९२ सालीं देशांतील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रोगी नव्यानें दाखल झाले होते, आणि त्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें कारण म्हणून गांजा, भांग वा चरस यांची नोंद होती. कमिशननें यांतील एकेका रोग्याची चौकशी मूळ गांवापर्यंत नेली. नातेवाईक काय सांगतात, वेडाची लक्षणें आधीं दिसलीं कीं चिलीम आधीं हातीं आली, घराण्यांत पूर्वीं कोणी वेडा होता काय, हें सर्व तपासलें. शेवटीं ज्यांत नशेचा कांहीं संबंध मानतां येईल अशीं प्रकरणें उरलीं अवघीं ९८. आणि केवळ नशेकडेच बोट दाखवितां येईल अशीं ६१. निम्म्याहून अधिक नोंदी पुसून टाकाव्या लागल्या!

याहीपेक्षां लक्षांत ठेवण्यासारखा विचार कमिशननें मांडला तो असा कीं, नशा हें पुष्कळदां वेडाचें कारण नसून त्याचेंच लक्षण असतें. ज्याचें मन आधींच ढळलें आहे तो निद्रेसाठीं, भीति विसरण्यासाठीं चिलीम जवळ करतो. लोकांच्या दृष्टीस चिलीम पडते, भीति पडत नाहीं. सरकारला गांजाच्या करापासून उत्पन्न होतें, सबब हा निकाल सोयीचा होता, अशी शंका कोणास येईल. ती अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. तहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद या दोन सभासदांनीं बहुमताविरुद्ध आपलीं मतें नोंदविलीं, हेंही खरें. तथापि रोग्यामागून रोगी तपासण्याची ती पद्धति उत्पन्नाच्या हिशेबाहून वेगळी आहे, आणि तिचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे.

चांद्याच्या जंगलांत मात्र प्रश्न गांजाहून मोहाच्या दारूचा अधिक. जन्म, लग्न, मृत्यु, देवकार्य, कशांतही तिच्यावांचून चालत नसे. आणि येथें कायदा कठोर आहे. ८५ व्या कलमान्वयें इच्छेविरुद्ध नशा दिलेल्यास सूट मिळे. पण ८६ व्या कलमान्वयें स्वेच्छेनें प्यालेल्यास शुद्धीवर असल्याइतकेंच ज्ञान होतें असें मानलें जाई. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरांतील माडिया लोकांत घडलेल्या शंभर खुनांचा अभ्यास व्हेरिअर एल्विन यांनीं १९४३ सालच्या आपल्या ग्रंथांत केला. त्यांत दारू आहेच, पण तिच्या बरोबर घरगुती कलह आहे, जादूटोण्याचा संशय आहे. न्यायालयाच्या निकालपत्रांत जें एका ओळींत ‘दारूच्या नशेंत’ म्हणून संपतें, तें एल्विन यांना अनेक पानें लिहूनही संपत नाहीं.

दारूच्या बाबतींत आणखी एक फसगत आहे, आणि ती कोठडींत होते. रोज पिणाऱ्यास अटक झाली कीं दारू एकाएकीं तुटते. पहिल्या दिवशीं हात कांपतात. मग झोंप उडते, फेफरें येतें. दोन-तीन दिवसांनीं कांहींस भिंतीवर किडे दिसूं लागतात, तो ओरडतो, अंगावर धांवतो. पाहणारास तो वेडा वाटतो, किंवा सोंगाडी वाटतो. वस्तुतः तो मरणाच्या दारांत असूं शकतो, आणि योग्य औषधानें वांचूं शकतो. याच्या उलट, खरा मनोविकार असलेला मनुष्य ‘उतरेल आपोआप’ म्हणून तसाच पडून राहतो. म्हणूनच नशा सुटून सुमारें महिनाभर लोटल्यावर पुन्हां तपासावें, तेव्हां मागें काय उरलें तें कळतें, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. एका तपासणीनें हा निवाडा होत नाहीं.

गडचिरोलींत १९९३ सालीं दारूबंदी झाली, डॉ. अभय व राणी बंग आणि गांवोगांवच्या स्त्रिया यांच्या चळवळीचें तें फळ. चंद्रपुरांत ती १ एप्रिल २०१५ रोजीं आली आणि २०२१ सालीं उठली. बंदी चांगली कीं वाईट हा वाद निराळा. परंतु बंदी असो वा नसो, कोठडीच्या दारांतून व्यसनी मनुष्य आंत येतच राहतो. बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगांतील ५०२४ बंद्यांची तपासणी तेथील निम्हान्स संस्थेच्या डॉक्टरांनीं केली, ती २०११ सालीं प्रसिद्ध झाली. शेंकडा सुमारें ८० बंद्यांत मनोविकार वा व्यसन आढळलें. व्यसन बाजूस काढलें तरीही शेंकडा २७.६ जणांत मनोविकार उरला. १८९४ च्या कमिशननें जी चाळणी लावली होती, तीच ही, फक्त अधिक बारीक.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व अमली पदार्थांमुळें होणारे मनोविकारही व्याख्येंत घेतले, आणि तुरुंगांत मनोरुग्ण नाहींत असा दाखला तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें दर तीन महिन्यांनीं द्यावा असें १०३ व्या कलमांत सांगितलें. पीनल कोडचीं तीं तीन कलमें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत २२, २३ व २४ या आंकड्यांनीं वावरत आहेत. आशय बहुतांशीं तोच. आणि भामरागडकडचा माडिया मनुष्य जेव्हां चांद्याच्या तुरुंगांत येतो, तेव्हां ‘झोंप कधींपासून नाहीं? दारू आधीं, कीं भास आधीं?’ हे प्रश्न त्याला माडियांत विचारावे लागतात. विचारणारा न मिळाल्यास उत्तर त्याच्याबरोबर आलेला शिपाई देतो.