राखीव गडी परत घ्यावा कीं नाहीं?

श्रोतेहो, खेळाच्या मैदानावर एक प्रश्न वारंवार उभा राहतो. जो गडी एके काळीं आपल्या संघांत राखीव म्हणून बसला, दुसरा जायबंदी झाला म्हणजे ज्याला आंत बोलावलें आणि काम सरतांच बाहेर बसविलें, तो दूर गेल्यावर पुन्हां घ्यावा कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, ''पहिल्या प्रतीचा असता तर राखीव कां राहिला असता?'' दुसरा विचारतो, ''त्याला पुरती संधी मिळाली तरी कोठें?'' दोन्ही पक्ष अनुमानावर चालतात. या प्रश्नाचें उत्तर शोधावयास उपयोगी पडेल असें एक उदाहरण अलीकडेच घडलें असून त्याचा संबंध आपल्या विदर्भाशीं आहे.

विदर्भाचा क्रिकेट-संघ केवळ नागपूरचा नव्हे; चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलुखाचाही तोच. 1957-58 सालीं तो रणजी स्पर्धेंत प्रथम उतरला आणि त्याला पहिलें अजिंक्यपद मिळावयास 2017-18 चा हंगाम उजाडावा लागला. त्या यशांत मुंबई सोडून आलेल्या वसीम जाफर या अनुभवी फलंदाजाचाही वाटा होता. दुसरीकडून आलेल्या गड्याला मानानें जागा दिली तर तो घरच्यासारखा राबतो, हें विदर्भानें तेव्हांच पाहिलें होतें.

आतां मुख्य कथेकडे वळूं. कर्नाटकाचा फलंदाज करुण नायर यानें 2016 च्या डिसेंबरांत चेन्नई येथें इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 धावा केल्या. कसोटींत त्रिशतक करणारा वीरेंद्र सेहवागनंतरचा तो दुसराच भारतीय. परंतु त्या सामन्यांत अजिंक्य रहाणे बोटाच्या दुखापतीमुळें खेळत नव्हता. रहाणे बरा झाला आणि पुढच्याच कसोटींत, 2017 च्या फेब्रुवारींत हैदराबादेस, त्रिशतकवीर बाहेर बसला. मागाहून ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला तीन सामने मिळाले. त्यांतील चार डावांत मिळून त्याच्या 54 धावा झाल्या. 2018 सालीं तो इंग्लंडच्या दौऱ्यावर संघाबरोबर हिंडला. पण ओव्हलच्या सामन्यांत खेळविलें तें मागाहून बोलावलेल्या हनुमा विहारीला. पंगतींत बसविलें खरें, पण ताट वाढलें नाहीं!

2022-23 च्या हंगामांत कर्नाटकानेंही त्याला वगळलें. पुढच्या हंगामीं विदर्भानें त्याला आपल्यांत घेतलें, आणि राखीव म्हणून नव्हे, तर फळीचा आधार म्हणून. फळ दिसावयास फार दिवस लागले नाहींत. 2024-25 च्या विजय हजारे स्पर्धेंत त्यानें विदर्भाचें नेतृत्व करीत आठ डावांत 779 धावा काढल्या आणि त्यांत तो बाद झाला दोनदांच. अंतिम सामन्यांत मात्र विदर्भाला हरविलें तें त्याच्याच जुन्या कर्नाटकानें. लगेच रणजीच्या अंतिम सामन्यांत, नागपुरांत, केरळविरुद्ध त्यानें 86 आणि 135 धावा केल्या आणि विदर्भानें तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविलें.

मग देशाच्या संघानेंही आपल्या जुन्या राखीव गड्यास हांक मारली. 2025 च्या जूनमध्यें लीड्स येथें, आठ वर्षांनंतर, तो पुन्हां कसोटी खेळावयास उतरला आणि पहिल्या डावांत शून्यावर बाद झाला. चार सामन्यांत त्याच्या 205 धावा झाल्या, अर्धशतक एकच. पुढच्या मालिकेंत त्याची जागा गेली. पहिल्या पक्षाचें म्हणणें येथें खरें ठरलें, असें कोणी म्हणेल. पण तें एकुलतें अर्धशतक कोठलें, हेंही पाहिलें पाहिजे. ओव्हलवर भारताचा पहिला डाव 224 धावांत आटोपला, त्यांत सर्वांत अधिक, 57 धावा त्याच्या होत्या. आणि तो सामना भारतानें अवघ्या 6 धावांनीं जिंकला!

शेवटीं 2025-26 सालीं कर्नाटकानें त्याला परत घेतलें. ज्या दारांतून तो बाहेर पडला होता त्याच दारानें आंत आला, आणि त्या हंगामांत गोव्याविरुद्ध नाबाद 174 व केरळविरुद्ध 233 धावांच्या खेळ्या त्यानें केल्या.

यावरून काय ठरतें? माझ्या अल्प मतीप्रमाणें, असा गडी परत घ्यावा; पण दयेपोटीं नव्हे आणि जुन्या अन्यायाची भरपाई म्हणूनही नव्हे. तो दूर असतां त्यानें काय केलें, हा पहिला निकष. घेतल्यावर त्याला ठरलेलें काम व स्थिर जागा देणार कीं नाहीं, हा दुसरा. विदर्भानें दोन्ही पाळले, त्याचें फळ त्याला मिळालें. देशानें पहिला पाळला, पण फार उशिरां. पंचविशींत ज्याला थोडा धीर दाखवावयाचा, त्याला तेहतिसाव्या वर्षीं परीक्षेस बसविलें. कोणी राखीव आहे एवढ्यावरून त्याची योग्यता ठरत नाहीं. त्या दिवशीं पुढें कोण होतें, इतकेंच त्यावरून कळतें. आपल्या गांवचा संघ निवडतांना निवड करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेविलें, तरी पुष्कळ झालें.