पिस्तुलाला गुण किती?

मित्रांबरोबर टेबलावर खेळायच्या युद्धखेळासाठी परवा स्लोव्हाकियाच्या के१०० पिस्तुलाचं कार्ड बनवलं. ९ मिमी, १५ गोळ्या. गुणही भरपूर दिले. प्रसंग मात्र आपल्याकडचा घेतला: ७ जून १९४३, शेणोली. प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इथे पगाराची रक्कम नेणारी पुणे-मिरज गाडी लुटली. हाती काय होतं? काठ्या, कोयते आणि दोन-तीन गावठी बॉम्ब! झालं, माझं कार्ड बाद.

खरं बळ गावांचं होतं. प्रतिसरकारचा गड कुंडल; ते औंध संस्थानात, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ सालीच कारभार लोकांच्या हाती दिलेला. मग नियमच बदलला: भाकरी-आसरा देणाऱ्या प्रत्येक घराला दोन गुण, पिस्तुलाला एक.