दारू सुटली, चिलीम राहिली : 1894 च्या अहवालाला भलता प्रश्न विचारू नका

1893 साली ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन नावाच्या खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला आणि त्यातून एक कमिशन जन्माला आलं. गंमत अशी, की हा केन मुळात दारूविरोधी चळवळीतला माणूस. आपल्याकडच्या सरकारी कागदांत गांजा आणि दारू ही जोडी अशी जुनी आहे.

त्या कमिशनचं नाव इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, सभासदांत तिघे हिंदी. 1193 साक्षी घेतल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, व्यापारी, सगळे आले. 1894 मध्ये अहवाल झाला, साक्षींसकट सात खंड. वेड्यांच्या इस्पितळांत 'वेडाचं कारण : गांजा' अशी जी नोंद असायची ती बऱ्याचदा तपास न करताच ठोकून दिलेली असायची, हे या लोकांनी एकेक केस काढून दाखवलं. त्या काळाच्या मानाने हे काम खरोखरच चोख होतं. निष्कर्ष काय, तर बेताने घेतलेला गांजा-भांग फारसा अपाय करत नाही, अति सेवन वाईट. सरसकट बंदी नको, परवाने आणि कर लावून आळा घालावा. बंदी घातली तर लोक याहून घातक नशेकडे वळतील, ही भीतीही त्यात मांडलेली आहे.

आता हा शेवटचा मुद्दा आजकाल कुठे वापरला जातो बघा. "इंग्रजांनीच सांगितलंय, गांजा दारूपेक्षा बरा. मग दारू सोडलेल्याने दोन झुरके मारले तर बिघडलं कुठे?" हे मी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी इतिहास काढून बसलो.

माझं म्हणणं एवढंच. कमिशनपुढे सरकारचा प्रश्न होता : लाखो लोक जे घेतात त्यावर बंदी घालायची की कर लावायचा? दारूच्या व्यसनातून नुकताच उठलेला माणूस त्या चौकशीचा विषयच नव्हता. त्याचा प्रश्न वेगळा आहे. गांजा ओढत राहिलो तर दारूपासून लांब राहीन का? या प्रश्नाचं उत्तर त्या सात खंडांत शोधण्यात अर्थ नाही.

त्याच काळात एका डॉक्टरने मात्र या प्रश्नाच्या जवळ जाणारं काहीतरी लिहून ठेवलंय. कलकत्त्याचे डॉ. बर्च. 1889 मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अफू आणि क्लोरल यांच्या व्यसनींवर गांजाच्या औषधाने उपचार केल्याचं छापलं. तलफ लगेच शमते, भूक लागते, असा त्यांचा अनुभव, आणि त्यावर ते खूश होते. गांजाच्या बाजूने बोलणारे इथपर्यंतच सांगतात. पण बर्च पुढे बजावतात, की पेशंटला औषधाचं नाव कळू देऊ नका. नाहीतर एका व्यसनातून सुटायला धडपडणारा दुसऱ्यात पडेल, आणि ते दुसरं तर इथल्या कुठल्याही बाजारात सहज मिळतं! गांजाचा गुण मान्य करणारा माणूस हे लिहितोय, हे लक्षात घ्या.

पुढे शंभरेक वर्षांनी कॅलिफोर्नियात टॉड मिकुरिया या डॉक्टरने दारूऐवजी गांजा घेणाऱ्या आपल्या 92 पेशंटांची माहिती 2004 मध्ये प्रसिद्ध केली. त्या सगळ्यांनी फायदा झाल्याचं सांगितलं. पण हे लोक गांजासाठीच त्यांच्याकडे आलेले होते. ज्याचं बिनसलं तो कशाला परत सांगायला येतोय?

म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतला 'कम्बाइन' प्रयोग. दारूचं व्यसन असलेल्या 1383 जणांवर औषधं आणि समुपदेशन यांची चाचणी. यातल्या काही जणांची माहिती 2017 मध्ये पुन्हा तपासली गेली. उपचार चालू असताना ज्यांनी गांजा ओढला, त्यांचे दारूशिवाय गेलेले दिवस न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे 4 टक्क्यांनी कमी भरले. प्यायला बसल्यावर किती प्यायले यात मात्र ठळक फरक दिसला नाही. 4 टक्के म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही, आणि गांजामुळेच ते झालं असंही यातून सिद्ध होत नाही. पण 'गांजा दारू सोडवतो' या दाव्याला त्यात आधार नाही, हे नक्की. 2016 च्या आणखी एका अमेरिकन अभ्यासात तीन वर्षं लोकांचा मागोवा घेतला, तेव्हा दारूची समस्या असलेल्या गांजा ओढणाऱ्यांत ती टिकून राहण्याची शक्यता जास्त आढळली.

आकडे जाऊ द्या. माझ्या मावसभावाने दारू सोडली, सात महिने टिकवली. चिलीम चालू होती. घरात सगळे म्हणायचे, निदान बाटली तरी नाही. पण चिलीम एकट्याने थोडीच ओढतात? संध्याकाळची वेळ तीच, तालमीमागचा कट्टा तोच, माणसं तीच, आणि त्यातले निम्मे पिणारे. शिमग्याला तो पुन्हा प्यायला. आता परत सोडली आहे. वहिनींनी मला विचारलं होतं, की चिलमीचं डॉक्टरांना सांगायचं का? कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. मी म्हटलं, आधी तेच सांगा.

आपल्याकडे हे न सांगण्याची सवय कायद्यातूनही थोडी आली असावी. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस आले, पण नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. त्यामुळे भांग म्हणजे सणावाराची, गांजा म्हणजे बाबालोकांचा, आणि व्यसन म्हणजे फक्त दारू, अशी वाटणी डोक्यात पक्की. पुण्यात 1986 साली मुक्तांगण सुरू झालं तेव्हाही धास्ती होती ती गर्दची.

एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारू पिणारे साधारण 16 कोटी, गांजा-भांग-चरस घेणारे 3 कोटींच्या वर. या दोन आकड्यांत सामाईक माणसं असणारच. व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारं कुणी वाचत असेल तर जरूर लिहा, तुमच्याकडे दारूसाठी आलेल्या पेशंटला पहिल्या दिवशी चिलमीबद्दल विचारतात का? आणि विचारलं तर तो खरं सांगतो का?