कैफियत कोणाची?

जुन्या दप्तरांत गावाने वा घराण्याने सरकारला लिहून दिलेल्या हकीकतीस कैफियत म्हणत. आज न्यायालयात प्रतिवादी आपली बाजू मांडतो, तीही कैफियतच. दोहोंतही सांगणारा कोण, हे आधी पाहावयाचे असते. जमातींच्या ओळखीचा शोध घेणारे अभ्यासक परक्याची जीवनकथा हाती घेतात, तेव्हा हा विवेक पाळला जातो काय?

बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती (मृत्यू २०१७) यांनी ‘बेरड’ हे आत्मकथन मराठीत लिहिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींची माणसे जन्मतःच पोलिसांच्या वहीत जमा होत. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या यादीत बेरड विमुक्त जातींत मोडतात, तर कर्नाटकात १९९१ पासून बेडर अनुसूचित जमातींत. सीमेची रेघ ओलांडली की ओळखीचा शिक्का बदलतो. वहीत बेरडाविषयी इतरांनी लिहिले. पुस्तकात बेरडाने स्वतः लिहिले. म्हणून ती एका माणसाची साक्ष होय, साऱ्या जमातीचे मुखत्यारपत्र नव्हे. तिच्यातील एक प्रसंग उचलून ‘बेरड असे असतात’ म्हणणारा अभ्यासक जुनी वहीच नव्या पुठ्ठ्यात बांधतो.

गस्तींनी ज्यांच्या पुनर्वसनासाठी झटून काम केले, त्या देवदासींची गोष्ट अधिक नाजूक आहे. १९३४ च्या मुंबई कायद्याने व १९८२ च्या कर्नाटक कायद्याने मुली देवास वाहण्यास बंदी केली. तेव्हापासून सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या स्त्रियांकडे प्रश्नावल्या घेऊन जाणारे पुष्कळ झाले. १८७२ चा करार कायदा संमती मुक्त असावी असे सांगतो. वरचढपणाचा गैरफायदा घेऊन मिळविलेली संमती त्यास मान्य नाही. मदतीच्या यादीतून नाव गळेल या भयाने जी स्त्री आपले दुःख सांगते, तिचा होकार मुक्त कसा म्हणावा?

आमच्या मते अभ्यासकाने तीन गोष्टी पाळाव्यात. जे लिहिले ते तिला तिच्या भाषेत, कानडी असो वा मराठी, वाचून दाखवावे. सांगितलेले परत घेण्याची मुभा छपाईपर्यंत ठेवावी. कथेत येणाऱ्या आई-बहिणींची नावे त्यांस विचारल्यावाचून छापू नयेत. देवळाच्या पायरीशी घडलेल्या अन्यायाचा इतिहास लिहिला गेलाच पाहिजे. आपण मंदिरांशी नाते सांगणाऱ्यांनी तो ऐकलाही पाहिजे. परंतु तो लिहिताना त्याच स्त्रीला दुसऱ्यांदा कोणाच्या तरी कार्यास वाहिले जाऊ नये.